नदीला लागण्याआधीचा मासा

एव्हरेट, वॉशिंग्टन राज्य
जानेवारीचा दुसरा आठवडा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जो मासा शेवटी नदीतच चढणार आहे, त्याच्यासाठी ऐन हिवाळ्यात समुद्राच्या काठावर कुडकुडत उभे राहण्यात काय शहाणपण आहे, असे तू विचारले आहेस. हर्णैच्या खडकांवर गरी टाकण्यात निम्मे आयुष्य घालवलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा याची गंमत वाटली. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फोनवर देण्यासारखे नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे.

हा मासा म्हणजे स्टीलहेड, आणि जातीने तो रेनबो ट्राउटच. दोघांचे शास्त्रीय नावही एकच आहे, ऑन्कोरिंकस मायकिस. गोड्या पाण्यात राहिला तर तो रेनबो आणि समुद्र पाहून आला तर स्टीलहेड, एवढाच काय तो फरक. अर्थात हा फरक गळाला लागल्यावर फार मोठा वाटतो. पिल्ले साधारण दोन वर्षे नदीत वाढतात, वसंत ऋतूत समुद्रात उतरतात, उत्तर पॅसिफिकमध्ये दोन-तीन वर्षे काढतात आणि अंगाने भरून आपापल्या नदीकडे परततात. आपल्याकडे पाला मासा (हिल्सा) अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरतो, तशातलाच हा प्रकार. पॅसिफिकमधले सामन अंडी घातल्यावर मरतात. स्टीलहेडचे तसे नाही, त्यांच्यातले काही पुन्हा समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. जे नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत येतात त्यांना इथे हिवाळी स्टीलहेड म्हणतात, आणि माझे वेड त्यांच्यापुरतेच आहे.

आता समुद्रकाठच का, ते सांगतो. नकाशावर प्युजेट साउंड बघ. सिअ‍ॅटल आणि टकोमा ज्याच्या काठी वसली आहेत तो हा आत घुसलेला समुद्र, आणि त्याचे मुख्य दार म्हणजे अ‍ॅडमिरल्टी इनलेट. हे दार सगळ्यात अरुंद जागी जेमतेम पाच-सहा किलोमीटर रुंद आहे. पलीकडे पोर्ट टाउनसेंड आणि अलीकडे व्हिडबी बेटाचा पश्चिम किनारा. उत्तरेकडे डिसेप्शन पासची एक खिंड आहे, पण साउंडचे बहुतेक पाणी याच दारातून आत-बाहेर करते. स्नोहोमिश, ग्रीन, प्युअ‍ॅलप अशा नद्यांचे मासेही याच वाटेने येतात. शिवाय स्टीलहेडला खोल पाण्याची आवड नाही; तो वरच्या थरातून आणि पुष्कळदा अगदी काठाला धरून पोहतो. व्हिडबीवर बुश पॉइंट आणि लगून पॉइंट अशी दोन टोके समुद्रात पुढे आली आहेत, तिथे पाणी काठापासूनच खोल होत जाते आणि प्रवाह टोकाला घासून वाहतो. नदीत गेल्यावर जो मासा मैलोन्मैल पसरतो, तो इथे तुझ्या पायांपासून हाकेच्या अंतरावरून जातो, आणि त्यासाठी होडी लागत नाही. नवखा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उतरून दूरवर फेक करतो, तेव्हा मासा कदाचित त्याच्या पाठीमागून निघून गेलेला असतो. जुनी मंडळी मात्र पाण्यात पाऊलही न घालता कोरड्या गोट्यांवर उभी असतात.

भरती-ओहोटीचा हिशेब इथे नव्याने शिकावा लागतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आपले गणित इथे चालत नाही. दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या इथेही होतात, पण त्या सारख्या नसतात. एक ओहोटी तळ दाखवते, तर दुसरी नावापुरती असते. त्यातही खुबी अशी की, हिवाळ्यात मोठी ओहोटी रात्री होते आणि दिवसा पाणी चढलेले राहते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत उजेड असतो तेव्हा उभे राहायला गोट्यांचा एक चिंचोळा पट्टाच उरतो आणि त्याच्या मागे वाहून आलेल्या ओंडक्यांची रास असते. वाऱ्याच्या दिवशी भरतीचे पाणी या ओंडक्यांखाली शिरले की ते हलू लागतात. दोन ओंडक्यांच्या मध्ये पाय सापडला तर काय होईल ते तुला सांगायला नको. टकोमाकडे जाणारी मालवाहू जहाजे समोरून निमूट जातात आणि आपण त्यांना विसरल्यावर त्यांच्या लाटा काठाला येऊन धडकतात, तिकडेही लक्ष ठेवावे लागते. उजेड म्हणशील तर डिसेंबरच्या शेवटी सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो.

सामान साधे आहे. लांबसर रॉड, मध्यम रीळ, मुख्य तंगुसावर सरकते शिसे, त्याखाली स्विव्हल, म्हणजे तंगुसाला पीळ पडू न देणारी फिरती कडी, आणि मग मीटरभर पातळ तंगूस. त्याच्या टोकाला गळ, गळाच्या वर एक-दोन मणी आणि मण्यांवर स्पिन-एन-ग्लो. हे एक हलके, तरंगणारे बोंडूक असते. त्याला दोन बाजूंना चिमुकले पंख असतात आणि पाण्याची ओढ लागली की ते गरगर फिरू लागते. शिसे तळाकडे ओढते, बोंडूक वर उचलते, त्यामुळे गळ शेवाळात न अडकता माशाच्या उंचीवर राहतो. रंग भडक हवा, लालसर नारिंगी किंवा गुलाबी. काही जण गळाला वाळूत राहणारी कोळंबी लावतात, मी सहसा लावत नाही. फेकायचे, शिसे बसू द्यायचे आणि मग इतक्या सावकाश गुंडाळायचे की पंखांची थरथर रॉडच्या मुठीपर्यंत जाणवत राहील. ती थरथर थांबली की एक तर शेवाळ अडकले, नाही तर मासा आला. थंडीत बोटे बधिर झाल्यावर हाच दोर पुन्हा बांधणे हे खरे कसोटीचे काम असते. म्हणून मी घरूनच चार-पाच दोर बांधून पुठ्ठ्यावर गुंडाळून नेतो.

गेल्या आठवड्यात माझ्या डावीकडे उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंना मासा लागला. तो दोनदा पूर्ण पाण्याबाहेर उडाला आणि नंतर प्रवाहाबरोबर असा सुटला की आम्ही सगळ्यांनी आपापले गळ गुंडाळून त्यांना वाट करून दिली, कारण इथला तो शिरस्ताच आहे. मासा काठाशी आला तेव्हा त्यांनी त्याला ओढून गोट्यांवर घेतले नाही. त्या घोटाभर पाण्यात वाकल्या आणि शेपटीच्या अलीकडे पाठीवर जो लहानसा मांसल पर असतो तो आहे का, ते त्यांनी आधी पाहिले. पर शाबूत होता. पाठ निळसर पोलादी, कुशी लखलखीत, खवले इतके सैल की त्यांच्या ओल्या हातमोज्यालाही दोन-तीन चिकटून राहिले. त्यांनी पकडीने गळ फिरवून काढला आणि मासा सरळ धरून ठेवला, तोवर की त्याने आपणहून शेपूट मारली.

ही तपासणी का, ते सांगितल्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा तो पर सोडण्याआधी कापतात. पर नसलेला मासा घरी नेता येतो, पर असलेला म्हणजे रानटी, आणि तो सोडावाच लागतो, तोही पाण्याबाहेर न काढता. गळाला उलटा काटा ठेवायलाही बंदी आहे. ज्या माशाला वॉशिंग्टनने 1969 मध्ये राज्यमासा म्हणून मान दिला, त्याच प्युजेट साउंडमधल्या स्टीलहेडला 2007 मध्ये केंद्र सरकारला धोक्यात आलेल्यांच्या यादीत घालावे लागले. धरणे, तोडलेली जंगले, गाळाने भरलेले ओढे ही जुनी कारणे आहेतच; पण नदीतून सुखरूप उतरलेली पिल्ले खुल्या समुद्रापर्यंत पोचण्याआधीच साउंडमध्ये मोठ्या संख्येने मरतात, हे नंतर उघड झाले. हुड कॅनाल या साउंडच्याच एका फाट्यावर 1961 मध्ये बांधलेला तरंगता पूल आहे, त्याचे तराफे पाण्यात सुमारे साडेचार मीटर खोल बुडालेले असतात. वरच्या थरातून पोहणारी पिल्ले त्या भिंतीशी येऊन अडखळतात आणि सीलच्या तोंडी पडतात. पुलापर्यंत पोचलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत पिल्ले तिथेच संपतात, असे अभ्यासकांना आढळले आहे.

काठावरच्या मासेमारीचा बहर होता तो हॅचरीच्या जिवावर. टकोमाजवळच्या चेंबर्स क्रीक या ओढ्याच्या वाणाचे मासे पिढ्यानपिढ्या निवडून असे तयार केले की ते डिसेंबर-जानेवारीतच परतावेत आणि रानटी मासे येण्याआधी पकडले जावेत. पण सगळेच काही पकडले जात नाहीत. उरलेले रानटी माशांत मिसळतात आणि त्यांची संतती नदीत कमी तगते. यावरून खटला झाला आणि 2014 च्या समझोत्यात स्कॅजिट नदीत या वाणाची पिल्ले बारा वर्षे न सोडण्याचे ठरले. काठावरचे पुष्कळ लोक याबद्दल आजही कडवट बोलतात. मला त्यांचे दुःख कळते, कारण हॅचरीची पिल्ले कमी सुटली तसे समुद्रकाठी लागणारे मासेही कमी झाले. तरीही माझे मत समझोत्याच्या बाजूने आहे. हातात पिशवी घेऊन घरी जाण्यासाठीच यायचे असेल तर बाजार जवळ आहे.

आणखी एक गोष्ट तुला पटणार नाही. आपल्याकडे भरतीच्या रेषेखालचा किनारा कोणाच्या मालकीचा नसतो, हे आपण गृहीत धरतो. इथे राज्याने 1971 पर्यंत असे किनारे चक्क विकले, त्यामुळे व्हिडबीवर घरांच्या रांगेपुढचे गोटेसुद्धा बऱ्याच ठिकाणी खासगी आहेत. लगून पॉइंटला सार्वजनिक वाट अगदी चिंचोळी आहे आणि तिच्या हद्दी पाळाव्या लागतात. मोकळेपणा हवा असेल तर फोर्ट केसीच्या उद्यानात जावे, मात्र तिथे गाडीसाठी पास लागतो.

तू पुढच्या डिसेंबरात येणार असशील तर महिन्याच्या मध्याच्या सुमारास ये. खाऱ्या पाण्याचा परवाना आणि पकडलेल्या माशांची नोंद करायचे कार्ड मी काढून देईन. मासा ठेवला तर त्याची नोंद तिथल्या तिथे करावी लागते. नियम वर्षाकाठी बदलतात, ते मी आधी पाहून ठेवीन. रॉड माझ्याकडे दोन आहेत. तू फक्त लोकरीचे मोजे आण आणि शिशाचे वजन हाताने अजमावण्याची तुझी ती जुनी सवय, कारण बुश पॉइंटला ओढ तासातासाला बदलते आणि मला अजून दर वेळी शिसे बदलून पाहावे लागते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
जुना गरीसोबती