पक्ष्यांची किंमत कुणाला विचारायची?

महोदय,

‘वन्यजीव वाचवायला तुम्ही किती पैसे द्याल?’ असे लोकांना विचारून संरक्षणाचे मोल ठरवतात. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातून तेल सांडले, तेव्हा अशाच पाहणीतून नुकसानीचा आकडा २.८ अब्ज डॉलर निघाला. एरवी समुद्रपक्षी हिशेबाच्या वहीत आलेच नसते, एवढे श्रेय द्यायला हवे.

पण १९९२ ची अमेरिकेतलीच दुसरी पाहणी बघा. तेलाच्या डबक्यांत मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला काय द्याल? २,००० पक्ष्यांसाठी सरासरी उत्तर ८० डॉलर, २०,००० साठी ७८, आणि २,००,००० साठी ८८. पक्षी शंभरपट, पैसे जेमतेम दहा टक्के जास्त! बहुधा प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तेलाने माखलेला एकच पक्षी होता.

आपल्याकडे ताडोबाच्या वाघाचे मोल पुण्यातल्या सोसायटीत विचारणे सोपे. बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, ज्या शेतकऱ्याचे धान रानडुकरांनी तुडवले, त्याला मात्र ‘किती द्याल’ नव्हे, ‘किती मिळाले तर चालेल’ असे विचारावे लागेल. प्रश्नावलीत हा प्रश्न आधी छापा.

– एक वाचक, चंद्रपूर