टीपकागद म्हणून दिलेला कागद पाणी शोषत नाही

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: फुले-पाने दाबण्याचा सदोष संच, पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

जुलैमध्ये आपल्याकडून मागवलेल्या ८९९ रुपयांच्या संचात प्लायच्या दोन फळ्या, चार बोल्ट, दहा टीपकागद, पुठ्ठे आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आहे. फळ्या चांगल्या आहेत. बाकीच्यांबद्दल तक्रार आहे.

सगळ्यात मोठा दोष कागदाचा. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो मण्यासारखा गोल उभा राहतो. खऱ्या टीपकागदात थेंब टेकताच पसरतो. म्हणजे कागदाला लेप आहे. फुलातले पाणी कागदाने ओढले नाही तर ते फुलातच मुरते, रंग जातो आणि बुरशी धरते. संचासोबतच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पंधरा दिवस न उघडता ठेवलेली गोकर्णाची आठही फुले तपकिरी निघाली, देठाशी पांढरी लव होती. दोष पुस्तिकेचा की कागदाचा हे कळावे म्हणून दुसऱ्या खेपेस तुमचाच कागद रोज वाळवून बदलला, तरी पाच फुले गेली. त्याच वेलीची फुले साध्या वर्तमानपत्रात, तशाच वजनाखाली, कागद रोज बदलून ठेवली. ती सातव्या दिवशी कुरकुरीत वाळली आणि निळीच राहिली.

पुठ्ठ्यांच्या कडा चिकटपट्टीने बंद केल्या आहेत. पुठ्ठ्याच्या पन्हाळींतून हवा खेळावी म्हणूनच तो मध्ये घालतात ना? कडा बंद केल्यावर त्याचा उपयोग काय?

सिलिका जेल पुडी फोडली तेव्हाच गुलाबी होते, म्हणजे आधीच ओलाव्याने भरलेले. कोरडे असते तर निळे दिसले असते. शिवाय हा निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा, तो पोटात जाणे घातक. खोक्यावर ‘मुलांसाठी’ छापून आत असे जेल देणे, तेही सूचनेशिवाय, आम्हाला गंभीर वाटते. कृपया हे आधी थांबवा.

पुस्तिकाही सुधारायला हवी. मुंबईच्या पावसाळी हवेत पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलावाच लागतो. अख्खा झेंडू दाबता येत नाही, पाकळ्या सुट्या कराव्या लागतात. जास्वंदीचा बुळबुळीत रस कागदाला चिकटतो, सोलताना पाकळी फाटते. तिचे चित्र मुखपृष्ठावर देऊ नये. नवशिक्याला बोगनवेल, नेचे किंवा आपट्याचे पान सुचवा.

संच परत न्यावा आणि पूर्ण रक्कम द्यावी, ही मागणी. नुसते कागद बदलून चालणार नाहीत. पावतीची प्रत, थेंबाचा आणि तिन्ही खेपांच्या फुलांचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवू.

आपले ग्राहक,
दादर, मुंबई