अण्णा, संत्र्याचं झाड आणि तू

अमरावती

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून पत्र नाही, तेव्हा तुझ्या शिव्या पोचल्या असं समज. माझी शुगर बरी, गुडघा आहे तसाच. मुद्दा वेगळा आहे. परसातल्या संत्र्याला डिंक्या झालाय, साल कुजवून डिंक गाळणारा बुरशीचा रोग. होय, तेच झाड, ज्याचं कलम तू वरुडहून एसटीत मांडीवर धरून आणलंस.

अण्णा म्हणतात, झाड तब्येतीत आहे. का, तर मृग सरल्यावरही अंगभर फुललं! अरे, मुळं कुजलेलं झाड मरायच्या आधी असंच फुलतं. पानं शिरांपासून पिवळी पडून गळताहेत. दुकानदाराने पान न बघताच कोळी किडीचं औषध गळ्यात मारलं. शेवटी मीच खुरप्याने उकरलं. अण्णांनी बसायला खोडाभोवती मातीचा ओटा घातलाय ना, त्यात कलमाचा डोळा, म्हणजे कलम जोडल्याची जागा, पार बुडालाय. साल दाबली तर ओली, तपकिरी, आंबूस वासाची. वर डिंकाचे तांबूस थेंब. माती-पाणी लागू नये म्हणूनच डोळा वीतभर उंच बांधतात. (संत्रं म्हणून तुला नुसती जंबेरीच, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते आंबट लिंबूच, टेकवली म्हणून मी हसलो होतो आणि पहिलं फळ सोलेपर्यंत तू अबोला धरलास. सोड बे आता.)

औषधाचं अवघड नाही. कुजकी साल चांगली लागेपर्यंत चाकूने खरवडायची, गोळा करून जाळायची, वर बोर्डो पेस्ट. 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र. विळा बुडवायचा, त्यावर तांबं चढलं तर चुना वाढवायचा. हे मी करतो.

पण पाणी? अण्णा रोज संध्याकाळी पाइप थेट खोडावर धरतात. बुरशीला आणखी काय हवं! आळं दुहेरी हवं, आतलं कोरडं, पाणी बाहेरच्या आळ्यात. पण 82 वर्षांच्या माणसाला कसं सांगू, की तुमच्याच पाण्याने झाड चाललंय? आई गेल्यापासून संध्याकाळचं तेवढंच काम उरलंय त्यांना. काल पाइपला नुसता हात लावला तर म्हणाले, "तू पॉलिटेक्निक शिकलास, शेती नाही."

तुझं ऐकतात ते. माझं कधी ऐकलं? फोन कर. म्हणावं, वरुडकडे हल्ली पाणी फांद्यांच्या घेराखाली सोडतात, खोडाशी नाही. रोगाचं नाव काढू नकोस, ओट्याचं तर नाहीच. ते रविवारी भजनाला गेले की ओटा मी मोडतो. नंतर दोन हात लांब दुसरा बांधून देईन. बोंबलतील, बोंबलू देत.

पिंट्याला नोकरी लागल्याचं बाबल्याकडून कळलं, पेढे उधार. वहिनींचा मोतीबिंदू उरकला का?

फोन पाचच्या आत कर. नंतर ते पाइप घेऊन परसात असतात.

तुझा,
विज्या