विश्वकोशातली झाडं बाहेर काढा: मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

झाडांबद्दलचं पत्र वनखात्याकडे न पाठवता आपल्याकडे कसं आलं, असं आपले स्वीय सहायक विचारतील. मी जे मागतोय ते आपल्याच खात्याच्या कपाटात, मराठी विश्वकोशात आहे, म्हणून.

मुंबईत झाड तोडायचं असेल तर 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार त्यावर नोटीस लागते. आमच्याकडे पुनर्विकासाची धामधूम आहे, त्यामुळे या नोटिसा वाचायची सवयच झाली आहे. एका नोटिशीत लिहिलं होतं ‘अशोक’. कुठला? सोसायट्यांच्या कुंपणाला लागून सरळसोट वाढतो तो खोटा अशोक, मोनून लाँगिफोलियम, सीताफळाच्या कुळातला. सीतेचा अशोक म्हणजे साराका असोका. त्याचं कुळ चिंच-गुलमोहराचं आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या संकटग्रस्त यादीत त्याचं नाव आहे. पहिला गेला तर चार लोक हळहळतील; दुसऱ्यासाठी मात्र हरकत घ्यायलाच हवी. ‘बदाम’ लिहिलं तरी तीच गत, कारण देशी बदाम आणि जंगली बदाम यांचं आपसात काही नातं नाही. (दसऱ्याला दादरच्या बाजारात आपटा म्हणून कांचन खपतो, त्याबद्दल तर बोलायलाच नको.)

आता फोन आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत. प्लँटनेट किंवा आयनॅचरलिस्ट या ॲप्सना पानाफुलाचे नीट फोटो दिले तर बहुतेक वेळा बरोबर दिशा मिळते. मिळालेलं नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या साइटवर टाकलं की आजचं मान्य नाव, जुनी नावं, मूळ प्रदेश, सगळं समोर येतं. खोट्या अशोकाचं जुनं पॉलिअल्थिया हे नाव टाकलंत तरी ती साइट मोनूनवर आणून सोडते. मराठी नाव टाकून मात्र तिथं काही हाती लागत नाही. आयनॅचरलिस्टवर मराठी नावं घालायची सोय आहे, हौशी मंडळी ती घालतातही. पण नाव कुठल्या गावचं, कोणी सांगितलं, याचा पुरावा सहसा नसतो आणि एकाची चूक दुसरा उचलतो.

पुरावा आपल्याकडे आहे. मराठी विश्वकोशातली वनस्पतींवरची कुठलीही नोंद उघडा. सुरुवातीलाच कंसात हिंदी, गुजराती, कन्नड, संस्कृत, इंग्रजी आणि लॅटिन नावं असतात, पुढे कुल. जिथं माळी उत्तर प्रदेशचा, सेक्रेटरी गुजराती आणि नोटीस मराठी, त्या मुंबईला याहून उपयोगी काय हवं? जाणकारांनी तपासलेला हा ऐवज संकेतस्थळावर आहेही, पण परिच्छेदात कोंडलेला. लॅटिन नाव देवनागरीत छापलेलं असल्यामुळे ते जगातल्या कुठल्याच सूचीशी जुळत नाही.

शिवाय पहिला खंड 1976चा. त्यानंतर नावं बदलली. 2005मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये बाभूळ-खैर ज्या नावाखाली होते ते अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे राहील असं ठरलं, 2011मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली, खैर सेनेगालिया कॅटेचू. या निर्णयावर मी अजून नाराज आहे, पण नाराज राहून यादी अद्ययावत होत नाही.

तर मागणी अशी. विश्वकोश मंडळाकडून या नोंदींचा तक्ता करून घ्या: मराठी नाव, ते कुठल्या भागातलं, विश्वकोशातलं जुनं शास्त्रीय नाव, आजचं मान्य नाव रोमन लिपीत, आणि आंतरराष्ट्रीय नामसूचीतला त्याचा क्रमांक. तक्ता मुक्त परवान्याखाली कोणालाही उतरवून घेता यावा. पीडीएफ नको, कृपा करा. पडताळणीसाठी दूर जायला नको. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. इथं मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात 1906पासूनचा ब्लॅटर हर्बेरियम आहे, तिथल्या वाळवलेल्या नमुन्यांवरून नावाची खात्री करता येते. त्यांना कामाचे पैसे मात्र द्या, सत्कार आणि शाल नको.

तक्ता झाला की नगरविकास खात्याला एक पत्र पाठवा: झाडावरच्या नोटिशीत मराठी नावाशेजारी शास्त्रीय नाव आणि तक्त्यातला क्रमांक हवाच. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्यानिमित्त होणाऱ्या खर्चात हे काम सहज बसेल. सगळं एकदम जमणार नसेल तर आधी मुंबईतल्या रस्त्यांवरची झाडं घ्या. पावसाळ्याआधीच्या छाटणीपर्यंत तेवढी यादी आली तरी पुष्कळ.

कळावे,
आपला,
मुंबईतला एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक