कियान्ती सायकल टूर: चुकीची सायकल आणि कापलेल्या डिपॉझिटबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर,

नमस्कार,

इटलीत टस्कनीतल्या कियान्ती भागातल्या तुमच्या सायकल टूरबद्दल मी तक्रार केली होती, त्यावर तुमचं उत्तर मिळालं. "डिफिकल्टी लेव्हल प्रत्येकाच्या फिटनेसवर अवलंबून असते, तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे" एवढ्या एका ओळीत तुम्ही माझा अख्खा ईमेल निकालात काढलात, म्हणून परत लिहितेय, आणि यावेळी प्लीज कोणीतरी शेवटपर्यंत वाचा. कारण मला दम लागला ही माझी तक्रारच नाहीये. मी वर्षानुवर्षं रोड बाईक चालवते, चढावर दम लागतो हे मला माहितीये. माझी तक्रार अशी आहे की चढ किती आणि रस्ता कसला हे दोन्ही मोजता येतं, ते मोजमाप तुमच्याकडे होतं, तुम्ही सांगितलं नाही, सायकल भलतीच दिली आणि वरून नुकसानीचे पैसे माझ्याच डिपॉझिटमधून कापले.

आधी सायकलचं बोलू. बुकिंग फॉर्ममध्ये मी स्पष्ट लिहिलं होतं की पुढे 50-34 ची कॉम्पॅक्ट चेनरिंग (पॅडलजवळची 50 आणि 34 दातांची चक्रं) आणि मागे 34 दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) पाहिजे, आणि तुमच्याकडून "नोटेड, कन्फर्म्ड" असं उत्तरही आलेलं (स्क्रीनशॉट जोडलाय). ग्रेव्हे गावात सायकल हातात आली तर पुढे 52-36 आणि मागे जेमतेम 28! तिथल्या मुलाला विचारलं तर तो म्हणे याच साईजमध्ये ही एकच शिल्लक आहे, काय करणार, आणि तुमच्या हेल्पलाईनवरच्या सरांचं म्हणणं "मॅडम गिअर तर बावीस आहेत ना." आता यावर काय बोलायचं! गिअर किती आहेत याने चढ चढत नाही हो, सगळ्यात हलका गिअर कोणता ते बघायचं असतं. पुढे 34 ला मागे 34 म्हणजे पॅडलची एक फेरी, चाकाची एक फेरी. 36 ला 28 म्हणजे त्याच एका फेरीत चाक जवळपास 1.3 वेळा फिरतं, म्हणजे प्रत्येक पॅडलला सव्वापटीहून जास्त जोर. मिनिटाला 60 पॅडल मारायची म्हटलं तर हलक्या गिअरवर ताशी साडेसात किलोमीटरने निवांत चढता येतं, तुम्ही दिलेल्या सायकलवर साडेनऊच्या पुढे जायला लागतं, आणि दहा टक्क्यांच्या चढावर तेवढा वेग काढायची ताकद नसली की पॅडल अडखळत अडखळत फिरतं आणि गुडघे बोलायला लागतात.

तुमच्या साईटवर या टूरला "जेंटल रोलिंग हिल्स, इंटरमिजिएट" लिहिलंय. टस्कनी दिसते तशीच सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण तिथली जुनी गावं टेकडीच्या माथ्यावर वसलेली आहेत आणि तुमची हॉटेलं त्या गावांत आहेत, म्हणजे रोज संध्याकाळी पाय संपल्यावर शेवटचा चढ ठरलेलाच. ग्रेव्हे साधारण 240 मीटरवर, पांझानो 500 च्या आसपास, कास्तेलिना त्याच्याही वर, आणि मधे प्रत्येक वेळी दरीत उतरायचं. मेन रोडचे चढ तसे सरळ आहेत, चार-पाच टक्के, ते कोणीही चढेल. खरा प्रॉब्लेम तुमच्या जीपीएक्स फाईलचा (जीपीएसवर रस्ता दाखवणारी फाईल) आहे, जी मेन रोड सोडून आम्हाला पांढऱ्या, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवर घेऊन गेली. एका दिवसाचे 52 किलोमीटर आणि 1100 मीटरच्या वर चढ, हे मी फाईल नकाशावर उघडून बघितलं तेव्हा कळलं. तो आकडा ब्रोशरमध्ये कुठेच नाही, फक्त किलोमीटर आहेत. नुसते किलोमीटर बघून डोंगराळ भागातली राईड कशी ठरवायची ते मला सांगा.

गायोले गावाच्या बाजूने ब्रोलिओच्या किल्ल्याकडे जाणारा रस्ता तुम्ही "सीनिक" म्हणून दिलाय. दोन्ही बाजूंना सायप्रसची झाडं, पलीकडे सान्जोवेझे द्राक्षांचे मळे, आणि खाली सगळी खडी. लेरोइका ही जुन्या सायकलींची राईड 1997 पासून याच रस्त्यांसाठी गायोलेतून निघते, लोक हौसेने येतात, पण ठरवून येतात आणि जाड टायर लावून येतात. मला तुम्ही 25 एमएमचे टायर दिलेले, ते पण दगडासारखे टणक हवा भरून. डांबरावर गिअर जड पडला तर माणूस उभं राहून पॅडल मारतो आणि वेळ मारून नेतो. खडीवर ते चालत नाही, उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि चाक जागच्या जागी गरगर फिरतं, म्हणून बसूनच चढावं लागतं, आणि बसून चढायला हलका गिअर लागतो जो तुम्ही दिलाच नव्हता. दोनदा चाक घसरलं, तिसऱ्यांदा बूट पॅडलला अडकवणारी क्लीट सुटायच्या आत मी आडवी झाले, कोपर सोललं. पुढे उतरणीवर एका दगडावर मागचं चाक आपटलं, टायरची कड फाटली आणि रिमला पोचा. नवऱ्याची ई-बाईक मात्र छान होती, जाड टायर, बॅटरी पण पुरली, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. म्हणजे योग्य सायकल तुमच्याकडे असते, मला मिळाली नाही एवढंच.

आता डिपॉझिट. तुमच्या पार्टनरने त्या रिम आणि टायरचे 140 युरो कापले. कारण काय तर रेंटल ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय की रोड बाईक कच्च्या रस्त्यावर नेली तर नुकसान ग्राहकाचं. अहो पण कच्च्या रस्त्यावर मला नेलं कोणी? तुमच्याच फाईलने ना! एकाच टूरच्या दोन कागदांत एक म्हणतो इथून जा, दुसरा म्हणतो इथून गेलात तर दंड. ही चूक नाही, ही चक्क लबाडी आहे, आणि मला याचं सरळ उत्तर पाहिजे.

त्या पडापडीत उशीर झाला. तुमच्या सपोर्ट व्हॅनला फोन केला तर "अर्ध्या तासात येतो" आणि मग फोनच बंद, शेवटी टॅक्सी केली, 65 युरो. कारण अंधार पडत आला होता आणि इटलीत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने गावाबाहेर सायकल चालवायची तर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घालावंच लागतं. तुमच्या किटमध्ये जॅकेट नाही, लाईट नाही, टायर लिव्हर एक. एक! सिएनाचं तर बोलूच नका, व्हॅनचा ड्रायव्हर म्हणाला जुन्या शहरात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, जे खरंय, पण मग बुकिंगमध्ये "डोअर टू डोअर" कशाला लिहिता? आणि तुमची फाईल शहरात शिरते कुठून, तर विया सांता कातेरिनावरून, जिथे 16 टक्क्यांपर्यंत चढ आहे आणि स्ट्राडे बियांके रेसमध्ये प्रोफेशनल रायडरांची तोंडं वाकडी होतात. सायकल ढकलत नेली मी, पर्यटक फोटो काढत होते.

अजून एक, लहान आहे पण सांगतेच. वाईन टेस्टिंग दुपारी बाराला आणि त्यानंतर लगेच वळणांची उतरण आणि 18 किलोमीटर बाकी, हे वेळापत्रक ज्याने बनवलं त्याने सायकल कधी चालवली असेल असं वाटत नाही. तिथे दारू पिऊन वाहन चालवायचा कायदा सायकलवाल्यांनाही लागू आहे, लिटरला 0.5 ग्रॅमची मर्यादा. मी सगळी कियान्ती क्लासिको तोंडात घोळवून बादलीत थुंकली, तो माणूस माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या आजोबांचा अपमान केलाय. टेस्टिंग मुक्कामाच्या गावात संध्याकाळी ठेवा ना, सोपं आहे.

तर मला 140 युरो डिपॉझिट आणि टॅक्सीचे 65 युरो परत पाहिजेत, आणि कन्फर्म केलेली सायकल न दिल्याबद्दल सायकल भाड्याची पूर्ण रक्कम. शिवाय साईटवर प्रत्येक दिवसाच्या किलोमीटरशेजारी एकूण चढ, सगळ्यात तीव्र टप्पा आणि कच्चा रस्ता किती ते टाका, फाईल तुमच्याकडे आहेच, पाच मिनिटांचं काम आहे. तुमची जीपीएक्स फाईल, ॲग्रीमेंट, कॅसेटचा फोटो आणि टॅक्सीची पावती सोबत जोडलीये. पंधरा दिवस वाट बघेन, नाहीतर कार्डाच्या बँकेकडे डिस्प्यूट टाकणार.

आणि पुढच्या टूरवर सवलतीचं व्हाउचर वगैरे पाठवू नका, पैसे ज्या कार्डावरून घेतलेत त्याच कार्डावर जमा करा.

कळावे,
तुमची ग्राहक