वाहत्या पाण्याच्या छायाचित्रणाचे सत्र : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ६ ते ९ या वेळेत ओढ्याकाठी वाहत्या पाण्याच्या छायाचित्रणाचे सत्र होईल. ऊन चढल्यावर फेसाळ पाण्यातील बारकावे पांढरेफटक होऊन जातात, म्हणून कृपया उशीर करू नये.

पाणी रेशमासारखे दिसावे यासाठी साधारण अर्धा ते दोन सेकंदांचा शटर वेग (कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहण्याचा काळ) लागतो, तर उडणारे थेंब गोठवायचे असल्यास १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. सत्रात दोन्ही प्रकार करून पाहावेत. केवळ धूसर पाण्याच्या मागे लागल्यास प्रवाहाचा जोर हरवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सोबत आणावयाचे साहित्य :
- भक्कम ट्रायपॉड. त्यावर कॅमेरा असताना लेन्समधील स्थिरीकरण शक्यतो बंद ठेवावे.
- सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी गडद काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), ज्यामुळे १/६० सेकंदाचे एक्स्पोजर सुमारे एक सेकंदापर्यंत वाढविता येते.
- पोलरायझर (चकाकी रोखणारा फिल्टर), कारण ओल्या खडकांवरील चकाकी कमी करण्याचे काम नंतर संगणकावर तितके चांगले साधत नाही.
- तुषार टिपण्यासाठी कोरडे मऊ कापड.

शेवाळलेल्या खडकांवर कोणीही उभे राहू नये. वरच्या भागात पाऊस झाल्यास पाणी अचानक वाढू शकते. पाणी गढूळ होताच साहित्याचा विचार न करता सर्वांनी काठावर यावे. हा नियम सर्वांस बंधनकारक आहे.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत संयोजकांकडे नाव नोंदवावे.