हात आपोआप मोबाइलकडे

महोदय,

मोबाइलच्या नादाविषयी बोलताना सगळे तरुण पोरांकडे बोट दाखवतात. मी साठी ओलांडलेला निवृत्त माणूस, माझंच सांगतो. मार्चमध्ये धाकटा भाऊ गेला. त्याचं कपाट आवरायला बसलो की एखाद्या शर्टाच्या खिशात घडी घातलेली चिठ्ठी लागायची. त्याचं ते तिरकं अक्षर दिसायचं आणि डोळे भरून यायच्या आत माझा हात मोबाइलवर गेलेला असायचा. मग पाऊण तास कुणाची तरी मांजरं आणि अनोळखी लोकांची भांडणं. कपाट तसंच उघडं.

२०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. १५ मिनिटं एकट्यानं नुसतं विचार करत बसायचं, वाटलं तर बटण दाबून स्वतःला विजेचा झटका द्यायचा. हाच झटका टाळायला पैसे मोजू असं आधी म्हणालेल्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणींनी बटण दाबलं! वाचून तेव्हा हसू आलं होतं. माझं बटण खिशात असतं, एवढाच काय तो फरक.

रात्री झोप लागत नाही याचं खापरही मी मोबाइलवरच फोडायचो. खरं तर दिवा मालवला की आमचं शेवटचं भांडण आठवायचं.

गेल्या रविवारी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला आणि ती चिठ्ठी उलगडली. ‘दादाला फोन करणे’, एवढंच लिहिलं होतं. बराच वेळ रडलो. दोन कप्पे अजून बाकी आहेत.

– एक वाचक